दीर्घिकांमधले अदृश्य पूल

उन्हाळ्यात रात्री गच्चीवर अंथरूण टाकले की उत्तरेकडे सप्तर्षी सहज दिसतात. त्यांच्या चौकोनातील पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत तिरपी रेघ ओढा आणि ती तेवढीच पुढे न्या. तिथे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसणार नाही, पण छोटी दुर्बीण असेल तर धुरकट प्रकाशाचे दोन ठिपके शेजारी शेजारी सापडतील. एक गोलसर, दुसरा विडीसारखा लांबट. या दोन दीर्घिका आहेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची स्वतंत्र विश्वे. त्यांची नावे एम ८१ आणि एम ८२, आणि अंतर सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे. जवळच एनजीसी ३०७७ नावाची तिसरी, लहान दीर्घिका आहे. मोठ्या दुर्बिणीने काढलेल्या छायाचित्रात या तिघी एकमेकींपासून दूर, आपापल्या जागी शांत बसलेल्या दिसतात. मध्ये फक्त काळोख.

हा काळोख रिकामा नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात 'व्हेरी लार्ज अ‍ॅरे' ही २७ तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या साहाय्याने मिन युन, पॉल हो आणि क्वोक-युंग लो यांनी या भागातील हायड्रोजन वायूचा नकाशा तयार केला. तो १९९४ साली प्रसिद्ध झाला आणि चित्रच पालटले. तिन्ही दीर्घिकांमधून हायड्रोजनचे लांबच लांब पट्टे निघालेले होते आणि ते एकमेकांत गुंतलेले होते. गर्दीत जवळून जाताना पदराला पदर अडकावा, तसे काहीसे. काही कोटी वर्षांपूर्वी या दीर्घिका एकमेकींच्या फार जवळून गेल्या आणि गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीत त्यांचा वायू बाहेर खेचला गेला. एम ८२ मध्ये आज नवे तारे भराभर जन्माला येताहेत, त्याचे मूळही याच भेटीत असावे असे शास्त्रज्ञ मानतात. तारे मात्र फारसे हलले नव्हते, म्हणून छायाचित्रात या भेटीची खूण ठळकपणे उमटली नव्हती.

थंड हायड्रोजन प्रकाश देत नाही. मग तो दिसला कसा?

हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांनाही भोवऱ्यासारखी स्वतःची गिरकी असते असे समजू या. दोन्ही गिरक्या एकाच दिशेने असतील तर अणूत किंचित जास्त ऊर्जा असते. इलेक्ट्रॉनची गिरकी उलटली की ती ऊर्जा २१ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओलहरीच्या रूपाने बाहेर पडते. एकट्या अणूला सोडून दिले तर असे उलटायला सरासरी १ कोटी १० लाख वर्षे लागतात! एवढ्या आळशी अणूकडून संदेश मिळण्याची आशा कुणी धरावी? पण दीर्घिकेत अणूंची संख्याच अफाट. नुसत्या एका सूर्याच्या वजनाइतका हायड्रोजन घेतला, तरी अणूंची संख्या लिहिताना एकावर ५७ शून्ये द्यावी लागतील. त्यामुळे क्षणोक्षणी कुठले ना कुठले अणू उलटतच असतात. शिवाय ही लहर वाटेतल्या धुळीतून आणि ढगांतून आरपार येते, दिवसाही येते.

हे भाकीत हेंड्रिक व्हान दे हुल्स्ट या तरुण डच शास्त्रज्ञाने १९४४ साली केले. तेव्हा त्याचा देश जर्मन फौजांच्या ताब्यात होता. महायुद्ध संपल्यावर, १९५१ च्या मार्च महिन्यात, हार्वर्ड विद्यापीठात हॅरॉल्ड यूएन आणि एडवर्ड पर्सेल यांना ही लहर आपल्या आकाशगंगेतून येताना सापडली. त्यांचा अ‍ॅन्टेना म्हणजे खिडकीबाहेर लावलेला एक भलामोठा कर्णा होता. पाऊस आला की त्यातून पाणी सरळ प्रयोगशाळेत!

या लहरीचा आणखी एक मोठा गुण आहे. स्टेशनातून धडधडत जाणाऱ्या गाडीची शिटी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते. तसेच आपल्याकडे येणाऱ्या वायूची लहर थोडी आखूड आणि दूर जाणाऱ्याची थोडी लांब होते. त्यामुळे वायू कुठे आहे एवढेच नव्हे, तर तो किती वेगाने फिरतो आहे हेही नकाशावर मांडता येते. इथूनच खरा पेच सुरू झाला.

आपल्या सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने धावतो, तर दूरच्या नेपच्यूनचा वेग जेमतेम साडेपाच. सूर्यापासून दूर, तेवढी चाल मंद. दीर्घिकेतही बाहेरचा वायू मंद असायला हवा होता. पण तसे नाही. अँड्रोमेडा दीर्घिकेतील वायूच्या प्रकाशाची पारख करून व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० साली हे दाखवले. मग १९७८ मध्ये अल्बर्ट बोस्मा यांनी नेदरलँडमधील वेस्टरबोर्कच्या दुर्बिणीने अनेक दीर्घिकांच्या हायड्रोजनचे वेग मोजले. तारे संपले, प्रकाश संपला, तरी पुढे कितीतरी अंतरापर्यंत वायूचा वेग उतरेना. एवढ्या वेगाने फिरणारा वायू धरून ठेवायचा तर जे दिसते त्याच्या कितीतरी पट द्रव्य तिथे हवे. हेच ते बहुचर्चित कृष्णद्रव्य. ते काय आहे, हे अजून कुणालाही ठाऊक नाही.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडद नावाचे गाव आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून तिथे 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्या भरीव पत्र्याच्या नाहीत, ताणलेल्या बारीक तारांच्या जाळीच्या आहेत, त्यामुळे वारा आरपार जातो, वजन कमी राहते आणि खर्चही वाचतो. अशी एकच तबकडी २१ सेंटीमीटरच्या लहरीवर चंद्राच्या निम्म्या रुंदीपेक्षा बारीक काही वेगळे ओळखू शकत नाही. पण सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या साऱ्या तबकड्या एकत्र जोडल्या की चंद्राच्या रुंदीच्या हजाराव्या भागाइतका बारकावा टिपता येतो. चौदा तबकड्या मात्र मुद्दाम एकाच किलोमीटरभर जागेत दाटीने ठेवल्या आहेत. पसरलेला, विरळ वायू टिपायला अशी जवळची जोडीच लागते.

याच दुर्बिणीने २००५ साली आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि रशियाचे इगोर कराचेंत्सेव यांना एनजीसी ३७४१ ही बुटकी दीर्घिका वेगळ्याच रूपात दाखवली. तीही सप्तर्षी तारकासमूहातलीच. प्रकाशात पाहिले तर इवलीशी. पण तिच्याभोवतीची हायड्रोजनची थाळी दिसणाऱ्या भागाच्या आठपटींहून मोठी निघाली! मला विचाराल तर थोरामोठ्या दीर्घिकांपेक्षा या चिमुरडीचा नकाशा अधिक मोलाचा. तारे थोडे आणि वायू दूरवर, म्हणून कृष्णद्रव्याचे वजन करायला ती उत्तम तराजू ठरते. पुढे याच मंडळींनी अशा साठांहून अधिक अंधूक दीर्घिकांचे नकाशे तयार केले.

या कामाला शांतता लागते, आणि तीच आता महाग झाली आहे. हायड्रोजनच्या लहरीसाठी १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा जगभर राखून ठेवलेला आहे आणि जवळच्या दीर्घिकांचे संदेश त्यातच येतात. पण विजेची ठिणगी किंवा बिघडलेले उपकरण असले नियम पाळत नाही. प्रस्तावित पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या आखणीलाही या दुर्बिणीमुळे अडचण आली. गाडी हवी हे जुन्नर परिसरातल्या शेतकऱ्यांचे म्हणणे रास्तच आहे, भाजीपाला लवकर बाजारात पोचायला हवा. रेल्वेचा मार्ग थोडा सरकवता येतो, तीस तबकड्या सरकवता येत नाहीत, एवढाच काय तो फरक.

खोडदला २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास विद्यार्थ्यांचे विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे. मुलांना घेऊन गेलात तर त्या आवारात मोबाईल बंद ठेवा.