ज्वालामुखीची लाट आणि आपली पूररेषा

जगात कुठे समुद्रकाठचा ज्वालामुखी जागा झाला की दुसऱ्या दिवशी आपल्या मोबाइलवर संदेश सुरू होतात. ‘समुद्र खवळणार’, ‘मुंबई बुडणार’, ‘सर्वांना पाठवा’. मग शाळेत मुले आम्हाला विचारतात आणि घरी अम्मीला विचारतात: त्सुनामी उल्हासनगरपर्यंत येईल का? अंबरनाथ, बदलापूरचे काय? ‘काही होत नाही, गप्प बसा’ म्हटल्याने मुलाचे समाधान होत नाही, आणि संदेश पुढे पाठवल्याने कुणाचे भले होत नाही. धोका किती आहे हे मोजता येते. या महिन्यात ते कसे मोजतात ते पाहू.

बहुतेक त्सुनामी समुद्रतळाच्या भूकंपाने येतात. २६ डिसेंबर २००४ ची, जिने तामिळनाडू आणि अंदमान-निकोबारमध्ये हाहाकार केला, ती तशीच होती. ज्वालामुखीमुळे येणाऱ्या त्सुनामी शंभरात पाचच्या आसपास. पण संख्या थोडी म्हणून त्या सौम्य असतात असे नाही. २७ ऑगस्ट १८८३ रोजी जावा आणि सुमात्रा यांच्यामधला क्राकातोआ फुटला. ३६ हजारांहून अधिक माणसे गेली, ती बहुतेक सगळी लाटांमुळे. त्याआधी १७९२ मध्ये जपानमधल्या उन्झेन ज्वालामुखीशेजारचा डोंगर कोसळून समुद्रात गेला आणि उठलेल्या लाटेसह सुमारे १५ हजार बळी घेऊन गेला.

ज्वालामुखी पाणी हलवतो ते निरनिराळ्या तऱ्हांनी. पाण्याखाली स्फोट होतो. तापलेली राख आणि दगड यांचा लोट उतारावरून समुद्रात घुसतो. डोंगराची एक बाजूच खचून पाण्यात पडते. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळचा ज्वालामुखी फुटला तेव्हा तर हवेच्या दाबाची लाट पृथ्वीभर फिरली आणि दूरदूरच्या समुद्रांचे पाणी तिने हलवले.

अशा ठिकाणी अभ्यासक चार प्रश्न विचारतात. पहिला: काय घडू शकते? त्यासाठी डोंगराचा उतार, त्यातल्या भेगा, त्याची दरवर्षीची हालचाल उपग्रहांवरून पाहतात. किनाऱ्यापासून आत जमिनीत समुद्राची जुनी वाळू आणि प्रवाळाचे दगड सापडले, तर पूर्वी लाट कुठवर आली होती तेही कळते. दुसरा: लाट केवढी आणि किती मिनिटांत पोहोचेल? हे संगणकावर मांडतात. तिसरा: वाटेत कोण आहे? घरे, शाळा, दवाखाने, बाजार. चौथा: त्यांना कोण कळवणार, आणि कळल्यावर ते काय करणार?

हा चौथा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते इंडोनेशियात दिसले. जुन्या क्राकातोआच्या जागी १९२७ पासून नवा डोंगर वर येत होता. त्याला तिकडे ‘अनाक क्राकाताऊ’ म्हणतात, म्हणजे क्राकातोआचे मूल. २०१२ मध्ये संशोधकांच्या एका गटाने हिशेब मांडून प्रसिद्ध केला: या डोंगराची नैर्ऋत्येकडची बाजू खचली, तर ३५ ते ४५ मिनिटांत जावाच्या किनाऱ्यावरच्या गावांत दीड ते ३.४ मीटरच्या लाटा येतील. सहा वर्षांनी, २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री, तीच बाजू खचली. सुट्टीचे दिवस होते, किनाऱ्यावर गाणीबजावणी चालू होती. भोंगा वाजला नाही. इशारा देणारी यंत्रणा मोठ्या भूकंपाची वाट पाहणारी होती आणि मोठा भूकंप झालाच नव्हता. चारशेहून अधिक माणसे गेली. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर होती. चौथ्याचे उत्तर किनाऱ्यावर पोहोचलेले नव्हते.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतात जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातले बॅरन बेट. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला आणि अधूनमधून राख आणि लाव्हा टाकत असतो. त्या बेटावर वस्ती नाही, आणि ते आहे बंगालच्या उपसागरापलीकडे. तिथे काहीही झाले तरी मधे अख्खे भारतीय द्वीपकल्प आहे.

अरबी समुद्रात कोकणाजवळ जागता ज्वालामुखी नाही. मात्र पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यावर चिखलाचे ज्वालामुखी आहेत. त्यांतून लाव्हा नव्हे, वायू आणि चिखल येतो. २४ सप्टेंबर २०१३ च्या भूकंपानंतर ग्वादरसमोर समुद्रात असे एक बेटच वर आले. लोकांनी त्याला ‘जलजला कोह’ म्हटले, म्हणजे भूकंपाचा डोंगर. काही वर्षांत लाटांनी ते धुऊन नेले. कोकणाला खरा धोका आहे तो त्याच मकरानच्या मोठ्या भूकंपाचा. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तो झाला आणि चार-पाच तासांनी मुंबईत सुमारे दोन मीटरची लाट आली. माणसेही वाहून गेली. मुरूड, श्रीवर्धन, रत्नागिरीकडे ज्यांची नानी, खाला राहते त्यांनी हे लक्षात ठेवावे. आज हैदराबादचे त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून काम करते आहे, आणि चार तास हा माणसे हलवायला पुरेसा वेळ आहे.

आणि आपली तीन शहरे? ज्वालामुखी आपल्या पायाखालीच आहे, फक्त फार जुना. हाजी मलंगचा डोंगर चढताना ज्या काळ्या दगडावर पाय पडतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा. अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर त्याच दगडाचे. ती आग केव्हाच विझली. समुद्र इथून दूर आहे आणि मधे खाडीची लांब, वळणावळणाची वाट आहे. म्हणून मुलांना निःशंकपणे सांगा: ज्वालामुखीची लाट आपल्या दारी येण्याची भीती बाळगू नका.

पण तेच चार प्रश्न उल्हास आणि वालधुनी नद्यांना लावून पाहा. काय घडू शकते? २६ जुलै २००५ ला घडले आहे, २७ जुलै २०१९ ला घडले आहे. २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस हजाराहून अधिक प्रवाशांसह पाण्यात अडकली, बोटींनी माणसे काढावी लागली. समुद्र आपल्यापर्यंत येतो तो अशा दिवशी, आणि तोही लाट होऊन नव्हे. कल्याणच्या खाडीत भरती असली की नदीचे पाणी तिथे तुंबते आणि पूर उतरायला वेळ लागतो.

पाणी कुठवर येईल? त्यासाठी जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इथे पुष्कळांची समजूत चुकते. २००५ ला येऊन गेला, आता शंभर वर्षे निवांत, असे ते धरतात. तसे नाही. लाल रेषेचा पूर यायची शक्यता प्रत्येक वर्षी शंभरात एक असते, मग तो गेल्याच वर्षी आलेला का असेना. घराचे कर्ज २० वर्षांचे धरा. तेवढ्या काळात लाल रेषेपर्यंतचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता होते १८ टक्के. निळ्या रेषेच्या आतल्या घराची शक्यता होते ५६ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त. स्वस्त मिळाले म्हणून घेतलेल्या तळमजल्याच्या सौद्यात हा आकडा कुणी सांगत नाही. आठवी-नववीच्या मुलाकडून हा हिशेब घरी करून घ्या, त्याचे गणितही पक्के होईल.

वाटेत कोण आहे? तळमजल्यावरची म्हातारी माणसे, बाळंतीण, रात्रपाळीहून येऊन झोपलेला कामगार. आणि त्यांना कोण उठवणार?

म्हणून पावसाळ्याआधी चार कामे करावीत. घर किंवा दुकान घेताना नगरपालिकेत, महापालिकेत पूररेषेचा नकाशा मागून पाहावा. रेशन कार्ड, दाखले, औषधे आणि बॅटरी एका प्लास्टिकच्या पिशवीत उंचावर ठेवावी. गल्लीत कुणाला उचलून न्यावे लागेल आणि ते कोण नेईल, हे नावानिशी ठरवावे. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा, म्हणजे अंधारात शोधत बसावे लागणार नाही.