शेवाळाला शिव्या कशाला?

भिगवणला फ्लेमिंगो बघून आलेला प्रत्येक जण दोन गोष्टी सांगतो : पक्षी मस्त, पाणी हिरवंगार! खापर शेवाळावर. मला हे पटत नाही. पुणे-पिंपरीचं सांडपाणी नद्यांमधून उजनीत येतं, त्यातले नायट्रेट-फॉस्फेट हा शेवाळाचा खुराक. ते तिथेच मेलं, कुजलं की खाल्लेलं सगळं परत पाण्यात, वर माशांचा ऑक्सिजनही जातो. म्हणजे वाढलेलं शेवाळ बाहेर काढणं महत्त्वाचं.

स्मिथसोनियनच्या वॉल्टर एडी यांच्या शेवाळ-स्क्रबरला १९८२ मध्ये पेटंट मिळालं, ते याच तत्त्वावर. खाऱ्या पाण्याच्या फिशटँकसाठी तो घरीही बनतो. भरतकामाची प्लास्टिक जाळी घासून खरबरीत करायची, पीव्हीसी पाइपला लांब खाच पाडून तीत ती अडकवायची, पंपाने पाणी जाळीवरून सोडायचं, शेजारी दिवा. आठवड्याला जाळी खरवडायची, थोडं शेवाळ पुढच्या वाढीला ठेवून. बस्स! खरवडायचा कंटाळा केलात तर स्क्रबर नुसता शोभेचा.

धरण केवढं, जाळी केवढी, कळतं हो! सांडपाणी वरच शुद्ध व्हायला हवं, त्याला पर्याय नाही. पण एखाद्या नाल्याच्या तोंडाशी हे लावून आधीचं-नंतरचं फॉस्फेट मोजायला काय हरकत आहे? भिगवणच्या मच्छीमारांचं पोट या पाण्यावर आहे. सर, पुढच्या वर्षी लाइन फॉलोअर रोबोऐवजी हा प्रोजेक्ट द्याल?