वाळू टाकू की नको?

गेल्या शनिवारी सकाळी (म्हणजे माझ्या हिशोबाने पहाटे साडेनऊला) एका मित्राचा फोन आला. पठ्ठ्याने खाऱ्या पाण्याची टाकी घेतलीय. पंप, मीठ, दिवे सगळं तयार. "एवढंच सांग, तळाला वाळू टाकू की नको?"

"मासे कुठले ठेवणारेस?"

"ते नंतर बघू रे. आधी वाळूचं बोल."

इथेच तर गोची आहे. मीही नेमकं हेच केलं होतं, आणि त्याची किंमत माझ्याऐवजी एका माशाने मोजली.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रवाळांच्या टाकीत वाळूवरून तीन पंथ आहेत. पहिला उघड्या काचेचा, दुसरा इंच-दोन इंच वाळूचा आणि तिसरा चार-सहा इंचांच्या जाड थराचा. जाड थराची कल्पना खरंच सुंदर आहे. माशांच्या घाणीचा अमोनिया होतो, जीवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. वाळूत खोलवर ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जीवाणू नायट्रेटमधलाच ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. ज्याँ जोबेर या शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात वाळूखाली पाण्याची पोकळी ठेवून यावर एक पद्धतच उभी केली. पुढे २०००च्या आसपास अमेरिकेत रॉन शिमेक यांच्या लेखनामुळे जाड थराची लाट आली. मग काही वर्षांनी लोकांच्या लक्षात आलं की या थरात घाणही साठत जाते, आणि चुकून ढवळला तर सडक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड, विषारी. झालं, लंबक थेट उघड्या काचेकडे!

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. भाग कमी तर बग कमी, या न्यायाने उघडी काच निवडली. दीडशे लिटरची टाकी, जोरदार प्रवाह, कोपऱ्यात जमलेली घाण दर रविवारी नळीने ओढून काढायची. नायट्रेटचे आकडे असे यायचे की मी ते एक्सेलमध्ये भरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. (पाहुणे का कमी झाले ते आता कळतंय.)

सहा महिन्यांनी एक पिवळा रॅस आणला. हॅलिकोएरिस गटातला, बोटाएवढा, अगदी हळदीच्या रंगाचा. पहिल्या रात्री दिवे मालवायच्या वेळी तो सरळ खाली झेपावला आणि काचेवर आपटला. पुन्हा वर आला, पुन्हा आपटला. मी म्हटलं, नवीन जागा आहे, रुळेल. चौथ्या दिवशी त्याचं तोंड सुजलं आणि खाणं थांबलं. आठव्या दिवशी सकाळी तो पंपाच्या जाळीला चिकटलेला मिळाला.

मग मी वाचायला बसलो. हे मासे रात्री वाळूत शिरून झोपतात. घाबरले तरी तिथेच बुडी मारतात. तो बिचारा रोज रात्री अंथरूण शोधत होता आणि मी त्याला काच दिली होती. दुकानदाराने सांगितलं नाही हे खरं, पण विचारलं मीही नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : वाळूचा निर्णय रसायनशास्त्रावर घेऊच नका. सच्छिद्र खडक भरपूर असले तर हे सगळं जीवाणूकाम त्यांच्या पोटात होतं. सोबत प्रोटीन स्किमर आणि नियमित पाणी बदलणं असलं की उघडी काचही चालते आणि पातळ थरही. 'वाळू पीएच सांभाळते' हेही फारसं खरं नाही. प्रवाळी वाळू म्हणजे अ‍ॅरागोनाइट, ती ८.२च्या आसपासच्या पाण्यात विरघळतच नाही, मग सांभाळणार काय?

उरतो एकच प्रश्न : राहणार कोण? वाळूत झोपणारा रॅस हवा असेल तर दोन इंच बारीक वाळू हवीच. गोबी मासा आणि पिस्तुल कोळंबीची जोडी हवी असेल तरीही. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही, ती बीळ खणते आणि गोबी दाराशी पहारा देतो. हा संसार काचेवर थाटता येत नाही. उलट फक्त अ‍ॅक्रोपोरा प्रवाळ आणि वरवर पोहणारे मासे ठेवणार असाल, तर प्रवाह इतका जोरात लागतो की वाळूचं वादळ होतं. तिथे उघडी काचच बरी. जाड थराच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये असं मला वाटतं, कारण चार वर्षांनी मत बदललं तर तो सहज उपसता येत नाही. चालू सर्व्हरचा डेटाबेस बदलण्यातला प्रकार!

मधला मार्गही आहे. दुसरा रॅस आणला तेव्हा मी श्रीखंडाच्या डब्यात वाळू भरून तो तळाशी ठेवला. पहिल्याच रात्री साहेब डब्यात गडप! पुढे सुट्टी काढून टाकी नव्याने मांडली. आधी खडक थेट काचेवर, मग भोवती वाळू. उलट केलं तर खणणारा प्राणी एक दिवस खडकच पाडतो.

आईला हे सांगितलं तर म्हणाली, "वाळूच हवी तर भाट्याहून पिशवीभर आणून ठेवते, येशील तेव्हा घेऊन जा." आता तिला कसं सांगू, की रत्नागिरीच्या वाळूत चुंबकाला चिकटणारे काळे कण असतात आणि काच पुसायच्या चुंबकात अडकले की ते काचेवर ओरखडे काढतील! (देशातल्या वाचकांसाठी : दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. किनाऱ्यावरून उचलून आणू नका.)

असो. मित्राला एवढंच म्हटलं, आधी मुलीला घेऊन दुकानात जा, मासे बघ, मग फोन कर. काल त्याचा फोन आला. मुलीला गोबी आणि कोळंबीच आवडलेत. म्हणजे वाळू आलीच. गडी सकाळपासून ती धुतोय. चार बादल्या झाल्या, पाणी अजून दुधासारखंच आहे म्हणे!