वर्गीकरण : पाठांतर कीं पारख ?

परीक्षा जवळ आली म्हणजे वर्गावर्गांतून एक गुणगुण ऐकूं येऊं लागते. शास्त्राच्या पुस्तकांतील सजीवांचें वर्गीकरण जो तो घोकीत असतो. अमुक जीव अमुक वर्गाचा. कां, तें कोणी विचारीत नाहीं. ही रीत आम्हांस घातक वाटते. ती कां घातक आहे, हें डोळ्यांस न दिसणाऱ्या दोन जीवांच्या हकीकतीवरून वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानांत कढत पाण्याचे असंख्य झरे आहेत. ज्यांनीं वज्रेश्वरीचीं कुंडें पाहिलीं असतील, त्यांस उष्ण झऱ्याची कल्पना आहेच. परंतु यलोस्टोनमधील कित्येक झरे कढत असून शिवाय गंधकाम्लानें आंबट झालेले असतात. आम्लता मोजण्याच्या पी.एच. मापांत शुद्ध पाण्याचा आंकडा ७ असतो, आणि आंकडा एकानें उतरला कीं आम्लता दसपट वाढते. असल्या पाण्यांत कोण जगणार ? तरीही टॉमस ब्रॉक व त्यांचे सहकारी यांस तेथें एक सूक्ष्मजीव सांपडला. १९७२ सालीं त्यांनीं त्यास सल्फोलोबस हें नांव दिलें. सुमारें ७५ अंश सेल्सिअस उष्णता आणि २ ते ३ पी.एच. हें त्याचें सुखाचें घर होय. त्यापूर्वी, १९७० सालीं, त्यांनींच थर्मोप्लाझ्मा नांवाचा दुसरा जीव प्रसिद्ध केला होता. कोळशाच्या खाणीबाहेर टाकलेल्या, आपोआप तापून धुमसणाऱ्या कचऱ्याच्या ढिगांत तो मिळाला.

या दोघांस कोणत्या वर्गांत घालावें ? त्या वेळच्या पुस्तकांप्रमाणें पेशींत केंद्रक नसलेला प्रत्येक जीव बॅक्टेरियाच. म्हणून हेही बॅक्टेरिया ठरले. थर्मोप्लाझ्मास पेशीभित्ति नाहीं, आणि मायकोप्लाझ्मा नामक बॅक्टेरियांसही ती नसते. एवढ्यावरून त्यास त्यांच्या पंक्तीस बसविण्यांत आलें. दोघांच्याही पेशीपटलांतील स्निग्ध द्रव्यांची जोडणी बॅक्टेरियांहून निराळी दिसत होती; पण तो खडतर राहणीचा परिणाम समजला गेला. पुरावा समोर होता; वर्ग मात्र आधींच ठरलेले होते.

१९७७ सालीं कार्ल वोझ व जॉर्ज फॉक्स यांनीं निराळी कसोटी लावली. प्रत्येक सजीवाच्या पेशींत प्रथिनें घडविणारे रायबोसोम असतात. त्यांतील आर.एन.ए. रेणूची घडण पिढ्यान्‌पिढ्या फार सावकाश बदलते. म्हणून ज्यांची घडण मिळतीजुळती, ते जवळचे आप्त. या कसोटीवर मिथेन वायु निर्माण करणारे कांहीं सूक्ष्मजीव बॅक्टेरियांहून अगदीं वेगळे निघाले, आणि पुढें आपले दोन्ही जीव त्याच वेगळ्या गोतांतले ठरले. १९९० सालीं वोझ, ओटो कांडलर व मार्क व्हीलिस यांनीं सजीवांचे तीन मूळ विभाग मांडले : बॅक्टेरिया, आर्किया आणि केंद्रकयुक्त.

खरें नवल तर पुढेंच आहे. दोघांसही ऊन व आम्ल प्रिय. तरी आर्कियांत त्यांच्या शाखा भिन्न आहेत. थर्मोप्लाझ्माचे आप्त सल्फोलोबस नसून मिथेन निर्माण करणारे व मिठागरांत राहणारे आर्किया होत. सारखें घर म्हणजे सारखें कूळ नव्हे ! शिवाय ही मांडणीही अखेरची नाहीं. नेपल्सजवळच्या उष्ण झऱ्यांतील ज्या जातीस १९८० सालीं सल्फोलोबस म्हटलें, तिला २०१८ सालीं सॅकॅरोलोबस या नव्या प्रजातींत नेण्यांत आलें.

येथें कोणी म्हणेल, 'नांवें अशीं बदलणार, तर तीं शिकावीं कशाला ?' आमचें उत्तर असें, कीं नांवांवांचून विचारविनिमय चालत नाहीं. तीं अवश्य शिकावीं, पण पुराव्यासह. ज्यानें नुसतें नांव पाठ केलें, त्याची विद्या नांवाबरोबर जुनी होते. ज्यानें 'कशावरून ?' हें विचारलें, त्यास नवें नांव परकें वाटत नाहीं.

आणखी एक इशारा देणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. वंशाच्या या शोधांतून कोणी उच्चनीचतेचा धडा घेऊं नये. जीववृक्षावर शाखा जवळ असतात किंवा दूर असतात. उच्च वा नीच नसतात. आणि मनुष्यमात्राची तर जातच एक आहे.

पालकांस आमची विनंती एवढीच, कीं मुलानें धडा घडाघडा म्हणून दाखविला म्हणजे संतोष मानून थांबूं नये. 'बाळ, हें कशावरून ?' असें एकदां तरी विचारावें. शिक्षकांनींही प्रश्नपत्रिकेंत या प्रश्नास जागा द्यावी. उत्तर चुकलें तरी चालेल. धुमसत्या ढिगांतील त्या क्षुद्र जीवाच्या बाबतींत थोर पंडितही चुकले होते. पण त्यांच्या मागून आलेल्यांनीं पुन्हां विचारण्याचें सोडलें नाहीं, म्हणूनच विद्या पुढें गेली.