खपलीआडची खरूज

साध्या खरजेत रुग्णाच्या सबंध अंगावर मिळून खरजेच्या सूक्ष्म किडीच्या दहा-पंधरा माद्या असतात. खपलीच्या खरजेत हा आकडा हजारांवर, कधी लाखांवर जातो. जीव तोच, सार्कोप्टिस स्केबिआय; कमी पडते ती रुग्णाची प्रतिकारशक्ती. नॉर्वेतील डॅनिएलसन आणि बोक यांनी १८४८ मध्ये कुष्ठरुग्णांमध्ये हा प्रकार नोंदवला, त्यामुळे त्याला ‘नॉर्वेजियन खरूज’ हे नावही चिकटले.

खरूज म्हटली की रात्रीची खाज आठवते. इथे मात्र ती अगदी कमी असू शकते, आणि निदान चुकते ते नेमके इथेच. तळहात, तळपाय, नखांखाली, डोक्यावर जाड, भुरकट खपल्या धरतात. त्या सोरायसिस किंवा इसब समजल्या जातात. वृद्ध, एचआयव्हीबाधित, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे घेणारे आणि संवेदना गेल्याने खाजवू न शकणारे, यांना धोका जास्त. मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे मलम सर्वांत घातक: लाली ओसरते, पण जीव बेलगाम वाढत राहतात. खपलीचा कण सुईने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही पाच मिनिटांची तपासणी आहे. ती टाळण्याला सबब नाही.

एका औषधाने हा आजार हटत नाही. पाच टक्के परमेथ्रिनचे मलम टाळूपासून तळपायापर्यंत, नखांखालीही, पहिला आठवडा रोज किंवा एक दिवसाआड लावतात आणि पुढे आठवड्यातून दोनदा. सोबत आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या, दर किलो वजनामागे २०० मायक्रोग्रॅम, पहिल्या, दुसऱ्या, आठव्या, नवव्या आणि पंधराव्या दिवशी. आजार फार बळावला असेल तर बाविसाव्या आणि एकोणतिसाव्या दिवशीही. गरोदर स्त्रिया आणि १५ किलोंखालील मुलांना या गोळ्या सहसा देत नाहीत. खपली जाड असेल तर मलम आत पोहोचत नाही, म्हणून युरिया किंवा सॅलिसिलिक ॲसिडने ती आधी मऊ करावी लागते.

घरातील सर्वांनी, खाज नसली तरी, एकाच दिवशी उपचार घ्यायचे असतात. पहिल्या लागणीत खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागतात. तोवर निरोगी दिसणारा माणूस इतरांना आजार देत असतो. वृद्धाश्रमात एका रुग्णामुळे साऱ्या मजल्याला, कर्मचाऱ्यांनाही लागण होते ती अशीच. गळालेल्या खपल्यांतही जीव असतात, म्हणून कपडे-चादरी कढत पाण्यात धुवाव्यात. धुता न येणाऱ्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवाव्यात.

उपचार संपल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यावरून औषध पुन्हा सुरू करू नये. नवे पुरळ किंवा नवी खपली दिसली, तर मात्र पुन्हा खरवडून तपासावे.