तेहतीस अनारसे आणि वाढणारा हात

अधिक मास आला की कीर्तनाच्या निमंत्रणांबरोबर एक प्रश्न आम्हांस हटकून येतो : "बुवा, जावयाचे वाण उपाहारगृहात दिले तर चालते का?" पूर्वी आम्ही हसून उत्तर टाळीत असू. २०२३ सालच्या अधिक श्रावणानंतर मात्र ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही; कारण तो प्रयोग आम्ही स्वतःच करून बसलो आहोत.

आधी थोडे शास्त्र. सौर वर्षाचे दिवस सुमारे ३६५, चांद्र वर्षाचे ३५४. हे अकरा दिवसांचे अंतर साचत जाते आणि सुमारे ३२ महिने, १६ दिवस व ४ घटिकांनी एक महिना अधिक धरावा लागतो. ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत होत नाही, तो अधिक. लोकांनी त्यास मलमास म्हणून दूर लोटले आणि पुराणकथेप्रमाणे भगवंतांनी त्याच उपेक्षिताला आपले पुरुषोत्तम हे नाव दिले. या महिन्यात तेहतीस अपूप कांस्यपात्रात घालून दान करावेत, असे धर्मग्रंथ सांगतात. आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, प्रजापती आणि वषट्कार, असे ते तेहतीस. अपूपाला जितकी छिद्रे, तितकी सहस्र वर्षे दात्यास स्वर्गवास, अशी फलश्रुतीही आहे. मराठी गृहिणीने तो अपूप जाळीदार अनारशात पाहिला, लेक-जावयांना लक्ष्मीनारायण मानले आणि ताटात पुरण भरलेला धोंडा ठेवला.

आमच्या सौभाग्यवतींनी हे सारे आजवर प्रत्येक अधिकात घरी केले. २०२३ साली त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. पुण्याहून लेकीने कळविले, "आई, या वेळी तू ओट्यापाशी उभी राहायची नाहीस. इकडेच या, आपण बाहेर जेवू." आम्ही तत्काळ रुकार दिला. खरे सांगायचे तर त्या रुकारास आम्हांस काहीच पडत नव्हते.

उपाहारगृहाच्या दारावर 'अधिक मास विशेष थाळी' अशी पाटी होती. रांगोळी होती, सनई होती. मात्र ती ध्वनिक्षेपकातून. आम्ही वाढप्यास सांगितले, "चातुर्मास आहे, कांदा-लसूण नको." तो म्हणाला, "म्हणजे जैन." आम्ही पुन्हा म्हणालो, "जैन नव्हे, चातुर्मास." त्याने लिहून घेतले : चार जैन. असो. अन्नात कांदा नव्हता, हे त्याचे उपकारच.

सौभाग्यवतींनी पिशवीतून चांदीचे निरांजन काढले, तोच व्यवस्थापक धावत आले. आत ज्योत लावण्यास मनाई होती. नियम योग्यच, पडदे, गर्दी, सारेच तसे. तेव्हा न पेटविलेल्या वातीने औक्षण झाले. जावईबापू मान खाली घालून बसले होते; त्यांना संकोच कशाचा वाटत होता, हे आम्ही विचारले नाही.

ताटे आतूनच भरून आली. धोंडा सुपारीएवढा आणि गार. अनारसा हातात घेताच सौभाग्यवतींनी तो उलटा करून पाहिला. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत फडक्यावर पसरायचे, दमट असतानाच कुटायचे, चाळून गुळात मळून ठेवायचे आणि खसखशीवर थापून तुपात न उलटता तळायचे, तेव्हा कोठे ती जाळी उमटते. या अनारशास जाळी नावालाही नव्हती. आमच्या स्वर्गवासाचा हिशेब तेथेच आटोपला! त्यांनी एक तुकडा मोडला आणि उरलेला ताटाच्या कडेस ठेवला. बोलल्या काही नाहीत.

आमच्या तोंडून सवयीने गेले, "जावईबापूंना तूप वाढा." वाढपी म्हणाला, "तुपाचे पैसे वेगळे पडतील." ते ऐकून सौभाग्यवती खुर्चीतून अर्धवट उठल्या. उजवा हात पुढे झाला होता. पण तुपाची वाटी कोठे होती, आणि पळी तरी कोठे? क्षणभर तशाच उभ्या राहून त्या खाली बसल्या. त्या दिवशीच्या जेवणाचे आम्हांस जे लागले, ते एवढेच. पुढे दीड तास होताच टेबल मोकळे करण्याची सूचना आली. दाराशी इतर जावई ताटकळत होते.

त्या वाढप्यास आम्ही दोष देत नाही. वीस वर्षांचेही नसेल ते पोर. सकाळपासून उभे होते, आणि त्याच्या स्वतःच्या घरी सण होता की नाही कोणास ठाऊक. शिवाय एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. सौभाग्यवती लेकीच्या शेजारी बसून, सर्वांबरोबर, पहिल्या पंक्तीस जेवल्या, त्या या उपाहारगृहातच. आमच्या घरी तसे कधी घडले नव्हते. आम्ही अन्नदानाचा महिमा चौरंगावर उभे राहून सांगितला आणि घरी येऊन पाटावर बसलो.

म्हणून विचारणाऱ्यांस आता आम्ही असे सांगतो. विकतचे अन्न खाल्ल्याने धर्म बुडत नाही. पण वाण हे दान आहे, आणि दानात देणाऱ्याचा हात लागतो. तो हात नेहमी एकाच बाईचा का असावा, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. सासूचे गुडघे दुखत असतील तर सासऱ्याने वाढावे. अनारसे झेपत नसतील तर तेहतीस बत्तासे द्यावेत; तेही जाळीदारच असतात आणि कित्येक घरांत तसेच देतात. वरणभात करावा, त्यावर तूप घालावे, निरांजन खरोखरीच पेटवावे. संकल्पात यथाशक्ति हा शब्द आहे, तो काही केवळ उच्चारण्यापुरता नव्हे.

हे सांगण्याचा अधिकार मिळावा म्हणून त्याच वर्षी दिवाळीत आम्ही तांदूळ भिजविले. सौभाग्यवती खुर्चीवर बसून सूचना देत होत्या. लेक-जावई भाऊबीजेस यावयाचे होते. पहिले तीन अनारसे कढईत पडताच हसले आणि तुपात विरघळून गेले. चौथ्याची कड तेवढी सुटली. सौभाग्यवतींनी झाऱ्याने चुरा काढावयास लावला, ताटलीत निथळत ठेवविला आणि म्हणाल्या, "टाकू नका. जावईबापूंना दुधात घालून आवडतो तो."