अर्ध्या तासाची तहकुबी

साहित्यसंस्थांच्या वार्षिक सभेच्या सूचनेत तळाशी एक वाक्य ठरलेले असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही. सभासद हे वाक्य क्वचितच वाचतात. पाळतात मात्र काटेकोरपणे. जाणकार मंडळी अर्धा तास उशिरानेच येतात.

या तरतुदीमागे तथ्य नाही असे नव्हे. न येणाऱ्यांच्या हाती संस्था बंद पाडण्याची किल्ली असू नये, हे रास्तच आहे. २०१३ चा कंपनी कायदाही तहकूब सभेत उपस्थितांनाच गणपूर्ती मानतो. परंतु तो मध्ये सामान्यतः एक आठवडा जाऊ देतो. आठवड्यात वार्ता पसरते, अनुपस्थिताला पुन्हा विचार करता येतो. अर्ध्या तासात फार तर चहा होतो. म्हणजे येथे नियमाचा भंग होत नाही. नियमाचा अर्थ तेवढा नाहीसा होतो.

गणपूर्ती ही पाश्चात्त्य सभाशास्त्राची देणगी, असा समज विद्वानांतही आढळतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत डॉ. आंबेडकरांनी भिक्षुसंघाच्या सभानियमांत गणपूर्तीचा स्पष्ट निर्देश केला होता. विनयपिटकात ‘गणपूरक’ हा शब्दच आहे. त्यातही महावग्गातील सोण कुटिकण्णाची कथा या प्रश्नाच्या थेट गाभ्याशी जाते. उपसंपदेसाठी दहा भिक्षूंचा संघ आवश्यक. अवंति-दक्षिणापथात भिक्षू विरळ. महाकच्चानांना दहा जण जमविण्यास तीन वर्षे लागली. त्यांनी नियमाला बगल दिली नाही. दहा जमले तेव्हाच उपसंपदा झाली. मग सोणाकरवी त्यांनी बुद्धांपुढे अडचण मांडली, आणि प्रत्यंत जनपदांपुरती संख्या पाचांवर आली. मात्र त्या पाचांत एक विनयधर असलाच पाहिजे, ही अट पडली. (याच निरोपात तेथील काळ्या, खडबडीत भूमीसाठी जाड तळव्यांच्या पादत्राणांचीही मागणी होती; दख्खनच्या वाचकाला ती सहज पटावी.)

अवंती जर प्रत्यंत, तर तिच्या दक्षिणेचे महाराष्ट्र काय आणि म्हैसूर काय, दोन्ही प्रत्यंतच. म्हैसूरसारख्या नगरात मराठी मंडळाचे सभासद नोकरी-बदलीने विखुरलेले असणार; तेथे शंभरांची उपस्थिती मागणे हा केवळ कागदी आग्रह ठरतो. अशा ठिकाणी संख्या कमी करण्यात गैर काही नाही. गैर आहे ते मोठी संख्या घटनेत मिरवून शून्यावर काम चालविणे. बारा जणांनी संमत केलेली घटनादुरुस्ती पुढे शेकडो आजीव सभासदांच्या नावाने न्यायालयात उभी राहते, आणि तिचे इतिवृत्त निर्दोष असते.

घटनादुरुस्ती, निवडणूक व मालमत्तेचे व्यवहार एवढे तरी अर्ध्या तासाच्या सभेतून वगळावेत. त्यांसाठी आठवड्याचा अवधी व नवी सूचना हवी. उरलेल्या कामांकरिता संख्या उघडपणे पाच केली तरी चालेल, पण त्या पाचांत संस्थेची घटना आणि हिशेब वाचून आलेला एक जण असावा.